रात्र तीनदा हसते

माल्मो, २४ जून

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे रात्री दहापर्यंत उजेड, मग माणसं झोपतात कधी?" तेव्हा मी नुसती हसले. खरं उत्तर असं की जूनमध्ये नीट कुणी झोपत नाही. मी जाड पडदे लावलेत, तरी पहाटे तीनला फटीतून उजेड आत येतोच.

मिडसमर या इथल्या उन्हाळी सणाच्या सुट्टीत सगळं गाव ओस पडलं, दुकानं बंद. मग लायब्ररीतून आणलेला स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा १९५५चा एक सिनेमा लावला. नावाचा अर्थ 'उन्हाळ्याच्या रात्रीचं हसू'. दुसऱ्या एका सिनेमात मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार दाखवणारा तोच हा माणूस, पण इथे चक्क प्रेमाचा फार्स! पाहताना सारखे तुम्हीच आठवत होतात.

फ्रेद्रिक हा पोक्त वकील. दुसरी बायको आन जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि धर्मशास्त्र शिकणारा मुलगा मनातून या सावत्र आईवरच भाळलेला. वकीलसाहेबांचं जुनं प्रेम म्हणजे देसिरे ही नटी. रात्री तिच्याकडे जाताना ते डबक्यात धपकन पडतात, कपडे चिंब. म्हणून ती त्यांना तिच्या सध्याच्या प्रियकराचा नाइटशर्ट घालायला देते. आणि नेमका तेवढ्यात तो प्रियकर दारात हजर! कडक मिशांचा लष्करी काउंट. इथे मी एकटीच टाळ्या पिटल्या. दार, एन्ट्री, चुकीचे कपडे, चुकीची वेळ: तुम्ही तालमीत "टायमिंग सांभाळा रे" म्हणून ओरडता ना, ते सगळं यात आहे.

गंमत म्हणजे हे मुळात नाटक नाहीच, बर्गमनने सिनेमा म्हणूनच लिहिलं. पण त्या वर्षांत तो इथल्याच स्टाडसटेआटरमध्ये, म्हणजे शहराच्या नाट्यगृहात, दिग्दर्शक होता. आदल्याच वर्षी त्याने तिथे 'द मेरी विडो' हा ऑपेरेटा, म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक, बसवला होता. रंगमंच असा अंगात भिनल्यावर सिनेमात दारं उघडमीट होणारच. ते नाट्यगृह १९४४ सालचं, आता तिथे ऑपेरा असतो. रोज त्याच्यावरूनच मी सायकलने ऑफिसला जाते आणि इतके दिवस मान वळवून पाहिलंही नव्हतं. पुढे १९७३ साली अमेरिकेत स्टीफन सॉन्डहाइम या संगीतकाराने याच गोष्टीवर संगीतिका रचली. सिनेमाचं नाटक झालं, उलटी गंगा!

पुढचं सगळं सांगत नाही. फक्त एक. ही सगळी मंडळी ज्या वाड्यावर पाहुणी म्हणून जमतात, तिथे एक कळ दाबली की भिंत सरकते आणि शेजारच्या खोलीतला पलंग आपसूक या खोलीत येतो. बिचारा मुलगा गळफास घ्यायला निघतो, धडपडतो, चुकून ती कळ दाबली जाते आणि पलंग येतो तो झोपलेल्या आनला घेऊन. आपल्या भावे नाट्यमंदिरात असला सेट लावायचा म्हटलं तर नेपथ्यवाले काका पहिल्या दिवशीच राजीनामा देतील. पण बायकांना या सिनेमात सगळं आधीच कळलेलं असतं. पुरुष रुबाबात फिरतात, सूत्रं देसिरेच्या आणि काउंटच्या बायकोच्या हातात. आई, हे तुला आवडेल.

बाबांसाठी आणखी एक. १९५६ साली कान महोत्सवात याला 'काव्यात्म विनोदा'चं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी, त्याच महोत्सवात आपल्या 'पथेर पांचाली'ला 'मानवी दस्तऐवजा'चं. त्यातली बंगालमधली छोटी दुर्गा आणि हा डबक्यात पडलेला वकील एकाच यादीत!

शेवटी वाड्यावरचा गाडीवान मोलकरणीला सांगतो की उन्हाळ्याची रात्र तीनदा हसते. पहिलं हसू तरुण प्रेमिकांसाठी, दुसरं विदूषकांसाठी आणि वेड्यांसाठी, तिसरं दुःखी, एकाकी, झोप न येणाऱ्यांसाठी. आई, तू रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात खुडबुड करतेस ना, तेव्हा मला फोन कर. इथे साडेदहाच वाजलेले असतात आणि अंधार पुरता पडलेलाही नसतो.

बाबा, दुसऱ्या अंकातला तो प्रवेश शेवटी कापलात की ठेवलात? कळवा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू