मंदाला पत्र: कोर्स कुठला करू, या प्रश्नाचं उत्तर

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय मंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. नववीतल्या त्या मुलीला तू दुसऱ्याच दिवशी बाजूला घेऊन, जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलंस, आईवडिलांना बोलावून घेतलंस आणि आता ती जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या रात्री फोनवर आपण फक्त तिच्याबद्दल बोललो, ते बरोबरच झालं. पण पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "शाळेने समुपदेशनाचं काम माझ्याकडे दिलंय. मानसशास्त्रातल्या वीस वर्षांपूर्वीच्या एम. ए.वर किती दिवस काढू? कुठला कोर्स करू?" ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. कोर्स कर, पण कोर्सने हे काम येईल असं धरून चालू नकोस. माझ्याकडे प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाईल आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, पाच दिवसांची कार्यशाळा, ऑनलाइन चाळीस तास. त्यातलं बरंचसं मला आवडलं, उपयोगीही पडलं. पण माझं काम सुधारलं ते एका टेपमुळे.

नोकरीची आठ वर्षं झाली होती. तोवर माझ्या खोलीत मी काय बोलते हे कुणीच ऐकलं नव्हतं. मग पुण्याच्या एका ज्येष्ठ बाईंकडे मी सुपरव्हिजन सुरू केलं, म्हणजे माझं काम त्यांना दाखवून तपासून घेणं. त्यांनी पहिली अट घातली: क्लायंटची लेखी परवानगी घेऊन एक सेशन रेकॉर्ड करून आण. एक बाई माझ्याकडे यायच्या, पन्नाशीच्या. (ओळख पटेल असं सगळं मी बदललंय, तू समजून घेशील.) टेपवर त्या म्हणतात, "घरातलं सगळं नीट आहे हो मॅडम. फक्त जेवताना घास फिरतो." आणि मी लगेच विचारते, "बरं, झोप कशी आहे?"

सुपरव्हायझर बाईंनी टेप थांबवली. म्हणाल्या, "घास फिरतो म्हणाल्या त्या. तू झोपेकडे का गेलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, आणि तेच लागलं. माझ्या डोक्यात लक्षणांची यादी चालू होती. भूक झाली, आता झोप. पुढच्या वेळी मी त्या बाईंना एवढंच विचारलं, "घास फिरतो म्हणालात, ते कधीपासून?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूहळू निघालं, की उधारीवाला माणूस बरोबर जेवणाच्या वेळी दारात येऊन बसतो, आणि नवऱ्याने कुठे किती घेतलंय हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. तीन महिने त्या येत होत्या आणि हे मला माहीत नव्हतं. त्या सांगत नव्हत्या असं नाही, त्या सांगतच होत्या.

आपल्याकडे "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत कुणी येत नाही. करमत नाही, जीव लागत नाही, काळजात धस्स होतं, डोकं भणभणतं, अंगात त्राण नाही, कशात मन म्हणून नाही. पीएचक्यू-९ नावाची नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी तू वापरणार असशील, जरूर वापर. २००१ पासून जगभर वापरात आहे, शून्य ते सत्तावीस गुण, दहा किंवा जास्त आले की नीट बघायचं. पण ती तयार झाली प्रौढांसाठी, किशोरवयीन मुलांसाठी तिचं थोडं बदललेलं रूप आहे, ते घे. आणि समोरच्याचा शब्द आधी त्याच्याच तोंडून उलगडून घे, मग चाचणीत खूण कर.

आता तुझा दुसरा प्रश्न, "हल्ली कुठली थेरपी चालते?" आपण शिकलो तेव्हा पुस्तकात समोरच्याला समजून घेत ऐकणारे कार्ल रॉजर्स एका प्रकरणात आणि अविवेकी विचारांना थेट हात घालणारे अल्बर्ट एलिस दुसऱ्या प्रकरणात होते, आणि आपण परीक्षेत फरक लिहायचो. प्रत्यक्षात मला दोघेही रोज लागतात. एलिस यांची १९५० च्या दशकातली विवेकनिष्ठ पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी आणली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घराघरात पोहोचवली. ती मराठीत इतकी चपखल बसते याचं एक कारण आपल्या भाषेत आहे: आपला 'च'. "मला नव्वद टक्के मिळाले पाहिजेत" आणि "मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत". पहिली इच्छा, दुसरा हट्ट. मुलांना फळ्यावर ही दोन वाक्यं लिहून दाखव आणि विचार, दुसरं वाचताना पोटात काय होतं? दहावीच्या मुलांना तो 'च' लगेच सापडतो. घरी जाऊन ते आईच्या बोलण्यातलेही मोजतात. फक्त ज्या मुलाच्या घरी खरोखर मार बसतो, त्याच्याशी 'च'ची चर्चा करू नकोस. तिथे विचार बदलायचा नाही, मार थांबवायचा आहे.

बाकी थेरपींची नावं तू ऐकशील: सीबीटी, एसीटी, डीबीटी, ट्रॉमा-इन्फॉर्म्ड. सगळं एकदम शिकायला जाऊ नकोस. एक पद्धत नीट धर. मी तुला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन, म्हणजे कृतीतून मन हलवण्याची पद्धत, धर म्हणेन, कारण ती साधी आहे आणि तिचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची चाचणी घेतली, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. तीव्र नैराश्य असलेली ४९५ माणसं. उपचार करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

पद्धत काय? मन लागेल तेव्हा करीन, असं म्हणून थांबायचं नाही. आधी छोटी कृती, मन मागून येतं. तासगावकडचा एक बागायतदार आठवतो. ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, द्राक्षाचे मणी तडकले, आणि त्याने बागेत जाणंच सोडलं. दिवसभर सोप्यात पडून असायचा. बायको म्हणायची, "उठा, असं बसून कसं चालेल?" आणि तो आणखी आत जायचा. आम्ही ठरवलं की सकाळी सात वाजता उठून फक्त बांधापर्यंत जायचं. बागेत पाय टाकायचा नाही. बांधावर उभं राहायचं, परत यायचं, आणि जाण्याआधी व आल्यावर मन कसं होतं ते दहापैकी लिहायचं. पहिल्या आठवड्यात दोन आणि दोन. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दोन आणि चार. मी विचारलं, त्या दिवशी काय झालं? तर शेजारचा गडी बांधावर भेटला, दोघांनी तंबाखू मळली आणि दहा मिनिटं बोलत बसले. मग आम्ही त्या बांधालाच धरून पुढे गेलो. सावकाराचा आणि बँकेचा प्रश्न त्याने सुटला नाही, त्यासाठी वेगळ्या माणसांची गाठ घालून द्यावी लागली. पण बँकेत जायला उठावं तर लागतं.

गोव्याच्या त्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ते साधे समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या सेशनच्या टेप ऐकायचे आणि काम किती नीट झालं याचे गुण द्यायचे. हळूहळू त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळायला लागले. म्हणजे मोठा तज्ज्ञ जवळ नसला तरी तीन-चार जण प्रामाणिकपणे बसले तर एकमेकांना शिकवू शकतात. याच्या उलट, नुसत्या अनुभवाने काय होतं तेही मोजलं गेलंय. अमेरिकेतल्या १७० थेरपिस्टांचं काम काही वर्षं तपासलं, २०१६ मध्ये निष्कर्ष आले: वर्षं वाढली तरी सरासरीने परिणाम सुधारले नाहीत, किंचित घसरलेच. मंदा, हे वाचलं तेव्हा मला माझी ती आठ वर्षं आठवली.

एक चूक सांगते, कारण तुझ्या शाळेत ती होता कामा नये. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाकडून पूर्वी आपण 'जिवाचं काही करणार नाही' असं वचन घ्यायचो. मला तसंच शिकवलं होतं. एकाला मी मुलांची शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली, रडला, आणि नंतर दीड महिना आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, "विचार यायचे मॅडम. पण विचार आला म्हणजे शपथ मोडली असं वाटायचं, मग तोंड कसं दाखवू?" तो जिवंत परत आला, हे माझं नशीब. त्या शपथेने त्याच्यासाठी माझंच दार मी बंद केलं होतं. वचन घेतल्याने माणूस सुरक्षित होतो याला पुरावा नाही. आता आम्ही सुरक्षा-आराखडा करतो. एका कागदावर, त्याच्याच अक्षरात: विचार वाढायला लागले हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, कुठल्या डॉक्टरला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं करायचं. हे शेवटचं आपल्या भागात फार महत्त्वाचं. फवारणीचं औषध घरात नको, ते भावाकडे कुलपात ठेवायचं, किल्ली भावाकडेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्या कागदावर असतोच, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुझ्या शाळेच्या फळ्यावरही कोपऱ्यात लिहून ठेव.

आणि आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार भरत नाही, हे तू त्या मुलीच्या बाबतीत पाहिलंसच.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरलं, त्यामुळे पालक पोलिसांच्या भीतीने लपवत असतील तर त्यांना हे सांग. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नकोस. पहिल्याच भेटीत मुलांना सांग, काय आपल्या दोघांत राहील आणि काय राहणार नाही. आणि स्वतःला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणू नकोस, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते.

२०१९ च्या पुरात मी इथल्या एका शाळेतल्या छावणीवर होते. पूर्वीची समज अशी, की संकटातून आलेल्याला लगेच सगळं बोलायला लावायचं, मन मोकळं होतं. संशोधनात ते टिकलं नाही, एका बैठकीत सगळं उकरून काढल्याने पुढचा आघात टळत नाही. आता मानसिक प्रथमोपचार म्हणजे बघा, ऐका, जोडून द्या. एका आजींना मी विचारलं, "आत्ता काय हवंय?" त्या म्हणाल्या, "म्हशीला वैरण." त्या सकाळी मी वैरणीचाच फोन केला. बोलायला त्या चौथ्या दिवशी आल्या, आपणहून.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डिप्लोमा कर, पण प्रवेश घेण्याआधी त्यांना विचार: प्रत्यक्ष केसेस किती, आणि त्या ऐकणारं कोण? गोलमोल उत्तर आलं तर फी भरू नकोस. ज्यांच्या जाहिरातीत 'सात दिवसांत समुपदेशक' असतं त्यांचा मला राग येतो, कारण त्याची किंमत नववीतली मुलगी मोजते.

शिवाय आपण दोघी सुरुवात करू. मुलांचं रेकॉर्डिंग तू करायचं नाहीस. भेट संपली की अर्ध्या तासात, आठवेल तितकं शब्दशः लिहून काढ: ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस. नाव नाही, वर्ग नाही, गाव नाही. भेटीच्या शेवटी मुलांना "बरं वाटलं का?" असं विचारू नकोस, बाईंना कुणी नाही म्हणत नाही. "पुढच्या वेळी मी काय कमी करू?" असं विचार. माझ्या एका क्लायंटने सांगितलं होतं, "तुम्ही लिहिता तेव्हा मी थांबते." तेव्हापासून वही टेबलाखाली गेली.

गुरुवारी रात्री साडेनऊला मी मोकळी असते. तू एक पान वाच, मी एक वाचते. माझ्याकडे या आठवड्यातली एक भेट आहे, मध्येच मी उपदेशाला लागले असं वाटतंय, पण नक्की कुठल्या वाक्याला ते मला दिसत नाहीये. तू ऐक आणि सांग.

तुझी,
शुभा

ता. क. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की ती मुलगी म्हणाली, "वर्गात मी असून नसल्यासारखी आहे." आणि पुढच्याच ओळीत तू तिच्या मार्कांबद्दल लिहिलंयस. गुरुवारी तेच पान आधी घेऊ.