मधल्या बारा तासांत मी कुठं होते

लिंकन, न्यूझीलंड
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

ती. आजीस आणि ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार. चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मुंबईतनं निघालीस ते कळलं, पोचलीस तेही कळलं. पण मधल्या बारा तासांत तू कुठं होतीस ते काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येत नाही." मी "सिंगापूरच्या विमानतळावर बसले होते गं" म्हणून फोन ठेवला, आणि मग रात्रभर तुझा प्रश्न मनातून जाईना. कराडच्या स्टँडवर एसटी दोन तास लेट असली तरी तुला मी कुठल्या बाकावर बसले असेन ते दिसतं. इथं मात्र पुरे बारा तास तुझ्यासाठी अंधार. म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहिते. फोनवर सांगितलं नाही तेही लिहिणार आहे. बाबांना वाचून दाखव, आजीला सावकाश.

मुंबईपासूनच सुरू करते. दारावरच्या शिपायानं पासपोर्ट आणि तिकीट बघून मला आत सोडलं आणि तुम्ही बाहेर राहिलात. ते दार इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. आपण सगळे आतपर्यंत जाऊ, मग निरोप घेऊ, असं मी धरून चालले होते. काचेतून बाबांचा वर केलेला हात दिसत होता, मग मध्ये लोकांच्या ट्रॉल्या आल्या. आत त्या पांढऱ्या खांबांची नक्षी मोराच्या पिसांसारखी आहे. ती बघायला मान वर केली आणि तशीच ठेवली, डोळ्यांतलं पाणी खाली येऊ नये म्हणून. ओटीतला नारळ तुमच्याकडं परत दिला ते बरं झालं, पण तांदूळ-सुपारीही काढून ठेवायला हवी होती. बॅगा काउंटरवर दिल्या, त्या थेट क्राइस्टचर्चलाच, म्हणजे इथल्या माझ्या विद्यापीठाजवळच्या विमानतळावर, मिळणार होत्या. चिठ्ठीवर 'सीएचसी' लिहिलंय ना, ते मी दोनदा वाचून घेतलं. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही तिथंच मिळाला. सुरक्षा तपासणीत ठेच्याची डबी मात्र गेली. ठेचाही पातळ पदार्थांत धरतात, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही. आई, तू पहाटे उठून वाटला होतास, म्हणून हे तुला सांगितलं नव्हतं.

रात्री पावणेबाराला विमान सुटलं. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास. त्यात लिहिण्यासारखं फार नाही, मी कानात कापूस घालून बसले होते आणि उतरताना तरीही कान दुखले. आवंढा गिळत राहायचं, गोळी चघळायची, मग उघडतात. एक गोष्ट बाळूला सांगायची आहे. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं, पण आतली हवा १८०० ते २४०० मीटर उंच डोंगरावर असते तेवढी विरळ ठेवतात. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे जागेवर बसल्या बसल्या मी कळसूबाईच्याही वर होते. हवा कोरडीही फार असते, नाक-ओठ सुकतात, जिभेला मीठ-साखर नीट लागत नाही. जेवण अळणी लागलं त्याचं कारण हे. शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ते सगळ्यांच्या आधी आलं. तिकीट काढतानाच सांगायचं, निदान एक दिवस आधी तरी.

आता ते बारा तास.

सिंगापूरला उतरले तेव्हा तिथं सकाळचे पावणेआठ वाजत होते आणि माझ्या घड्याळात सव्वापाच. बाबा, तुम्ही दिलेलं घड्याळ मी मुद्दाम आपल्या वेळेवरच ठेवलं होतं. आत्ता आई चहा टाकत असेल, आत्ता धार काढून झाली असेल, असं मला बघायचं होतं. त्याचं पुढं काय झालं ते सांगते.

चांगी विमानतळ केवढा आहे हे आकड्यात सांगून उपयोग नाही. विमानातून उतरून चालत राहिले तर पाऊण तास नुसती दुकानं, गालिचे, झाडं. त्यातली बरीचशी जमीन समुद्रात भराव टाकून केलेली आहे, हे मला राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना माहीत झालं होतं, आता त्यावर पाय ठेवला. पहिलं काम म्हणजे तोंड धुतलं, दात घासले, कपडे बदलले. आंघोळीची सोय पैसे देऊन आहे, मी केली नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ ठिकठिकाणी आहेत, बाटली भरून घेतली. आई, तू शिवलेली पिशवी गळ्यातच होती, पासपोर्ट क्षणभरही बाहेर ठेवला नाही.

तिसऱ्या टर्मिनलमध्ये फुलपाखरांची बाग आहे. विमानतळाच्या आत, जाळी लावलेली, दोन मजली, मध्ये लहानसा धबधबा. फुकट. फळांच्या फोडी ठेवलेल्या असतात, त्यावर फुलपाखरं बसतात, एक माझ्या ओढणीवरही बसलं. तिथल्या दमट हवेला आपल्या श्रावणातल्या रानाचा वास होता. बागेबाहेरच्या बाकावर बसून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेव्हा माझ्या घड्याळात सकाळचे सव्वासात वाजले होते. आई, त्या वेळी डोळ्यांपुढं आणायचं असेल तर हेच आण: मोठी काच, मागं हिरवी बाग, मी मांडीवर फडकं पसरून जेवतेय, शेजारी एक तमिळ कुटुंब आपल्या बाळाला भरवतंय. तमिळ तिथल्या चार सरकारी भाषांपैकी एक आहे. भाषा कळत नव्हती, पण बाळाला भरवताना बाई जे बोलते ते सगळीकडं एकच असतं. तिथं मला पहिल्यांदा भीती कमी वाटली.

सिंगापूरचा तो प्रसिद्ध धबधबा, विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल नावाच्या काचेच्या इमारतीतला, चाळीस मीटर उंच, छताच्या मधोमध असलेल्या भोकातून सरळ खाली पडणारा, तो बघायची मला फार इच्छा होती. पण ज्वेल हे इमिग्रेशनच्या पलीकडं आहे. मी सिंगापूरचा व्हिसा काढला नव्हता, म्हणून विमान बदलणाऱ्यांसाठीच्या हद्दीतच राहिले. वाईट वाटलं. मग चौकशी-खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमधली बिनचालकाची छोटी गाडी त्या ज्वेलमधूनच जाते. बसले. काही सेकंद, पण अगदी शेजारून! सगळीकडं झाडांचे टप्पे आणि मधोमध पाण्याचा खांब. मी पलीकडं उतरले, परतीच्या गाडीत बसले, पुन्हा तेच. पाच वेळा गेले-आले. आजी, मला वाटत राहिलं की तू हे बघायला हवंस. ठोसेघरचा धबधबा बघून तू हात जोडले होतेस ना.

दुपारी दुसऱ्या टर्मिनलच्या गच्चीवरच्या सूर्यफुलांपाशी थोडी बसले. ऊन सोसेना म्हणून आत आले आणि खुर्चीवर झोप लागली. जाग आली ती कुठल्याशा बाळाच्या रडण्यानं. घड्याळ बघितलं, चार वाजून दहा मिनिटं. विमान पावणेआठला, म्हणजे अजून साडेतीन तास आहेत असं धरून मी पुन्हा डोळे मिटले. का कोण जाणे, दोन मिनिटांनी उघडले आणि समोरच्या फलकावर माझ्या विमानापुढं 'बोर्डिंग' दिसलं. वेळ पावणेसात. मी आपल्या वेळेत जगत होते आणि विमान तिथल्या वेळेत निघणार होतं.

आई, हेच मी फोनवर सांगितलं नव्हतं. पाय लटपटत होते. त्या छोट्या गाडीतून परत तिसऱ्या टर्मिनलला गेले, धबधबा शेजारून गेला असेल, मी दाराकडं तोंड करून उभी होते. सरकत्या पट्ट्यावरूनही पळाले. त्या टर्मिनलांत सुरक्षा तपासणी थेट गेटपाशीच असते, त्यामुळं तिथं पुन्हा रांग, पुन्हा पाण्याची बाटली रिकामी करायची. रांगेत उभी राहिल्यावर कळलं की वेळ आहे, अजून निम्मे लोक बाहेरच आहेत. तेव्हा मात्र रडू आवरलं नाही. मागच्या एका आजीबाईंनी काही न विचारता माझी बॅग उचलून ट्रेमध्ये ठेवली. पुढं विमानात त्या माझ्याच रांगेत निघाल्या, न्यूझीलंडच्या होत्या, लेकीकडून परतत होत्या.

जागेवर बसल्यावर आधी घड्याळ न्यूझीलंडच्या वेळेवर लावलं. आता आपल्यात साडेसात तासांचं अंतर आहे, मी पुढं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं घेतात, मग साडेसहा. बाबा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे फोन करताना गोंधळ होणार नाही.

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळं विमान सुटल्यावर थोड्याच वेळात आपण पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात जातो. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर बघत बसले. जावा, मग ऑस्ट्रेलिया तिरका कापत तासन्‌तास. नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या मधोमधचं ॲलिस स्प्रिंग्ज जवळ आलं तेव्हा मी शेजारच्या खिडकीतून वाकून बघितलं. खाली एकही दिवा नाही. कराडहून मुंबईला येताना रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, धाब्यांचे दिवे, कुठंही अंधार असा सलग नव्हता. इतकी रिकामी जमीन असू शकते हे पुस्तकात वाचणं वेगळं.

उजाडलं ते टास्मान समुद्रावर. शेवटच्या तासात त्या आजीबाईंनी मला खिडकीची जागा दिली. समोर दक्षिण आल्प्स, भर उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ. त्यातलं सर्वांत उंच शिखर आओराकी, ३७२४ मीटर. बाबा, हा डोंगर म्हणजे इथला सह्याद्री आहे. पश्चिमेचे ढग तो अडवतो, पलीकडं धो-धो पाऊस आणि अलीकडं कँटरबरीचं मैदान कोरडं. कोयनेला पडतो आणि माण-खटावला पोचत नाही, तसंच. मैदानात नद्या डोंगरातून इतकी खडी आणतात की त्यांचा एक प्रवाह राहतच नाही, दहा-वीस धारा सुटतात, पुन्हा मिळतात. वरून ती आजीची विस्कटलेली वेणी दिसते. आणि शेतं गोल! मोठ्या चाकांवरचा पाण्याचा पाइप एका टोकाभोवती फिरतो, तेवढंच वर्तुळ हिरवंगार, कोपरे पिवळे. तुम्ही शेजारी असतात तर प्रश्न विचारून विचारून मला थकवलं असतंत.

उतरले तेव्हा इथं शनिवारची सकाळ, पावणेअकरा. तुमच्याकडं पहाटेचे सव्वातीन, आणि बाबांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

आजी, आता तुझ्यासाठी. तू पदराच्या गाठीतून काढून दिलेला मूठभर शाळू मला आत आणता आला नाही. या देशात बी, माती, घरचं खाणं, काहीही आणलं तर आधी सांगावं लागतं. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. तपासणीच्या आधी एक पेटी ठेवलेली असते, ज्याला वाटेल त्यानं त्यात टाकावं. मी शाळू, तांदूळ आणि सुपारी त्यात टाकली. हात मागं येत होता, पण टाकली. कांदा-लसूण मसाला दाखवला, अधिकारी बाईंनी पुडी उघडून बघितली आणि परत दिला.

मग त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात शेतावर गेला होतात का. मी म्हटलं, मी शेतातच राहते. बॅगेतले बूट काढायला लावले. तळाला आपली काळी माती होती, विहिरीकडच्या वाफ्यातली, वाळून घट्ट बसलेली. त्यांनी बूट आत नेले, धुऊन, औषध लावून परत आणून दिले. बाबा, मला राग आला नाही. आपल्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत आला होता तेव्हा तुम्ही पंधरा दिवस नीट जेवला नव्हतात. या देशात तो रोग आजवर एकदाही शिरलेला नाही. इथं माणसं पन्नास लाखांच्या आसपास आणि मेंढ्या दोन कोटींच्या वर. एका बुटाच्या मातीला ते का घाबरतात ते तुमच्याइतकं कुणाला समजेल? तरी ते स्वच्छ बूट हातात घेताना घशात काहीतरी अडकलं, हेही खरं आहे.

विद्यापीठ क्राइस्टचर्चपासून वीसेक किलोमीटरवर आहे. १८७८ साली शेतीची शाळा म्हणून सुरू झालेलं. खोली लहान आहे, खिडकीतून गवत दिसतं. मातीच्या प्रयोगशाळेत उद्यापासून काम.

पदवीदानाला तुम्ही सगळ्यांनी यायचं आहे. तिकीट काढताना मी आजीसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवीन, दारापासून विमानापर्यंत नेतात, पैसे पडत नाहीत. सिंगापूरचा व्हिसाही काढू, म्हणजे धबधब्यापाशी उभं राहता येईल. बाबांनी बूट नवे घ्यायचे आणि शेतात घालायचे नाहीत. आई, दशम्या कर, पण विमानातून उतरण्याआधी संपतील एवढ्याच.

शाळूची मळणी झाली का ते कळवा. कणसं कशी भरली आहेत तेही.

तुमची,
लेक