काकूंचं तेल कॅनडातच राहू दे

प्रिय अव्या,

माझा गुडघा आता बरा आहे, बाकी सगळं ठीक. इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालणार आहेसच, त्या नंतर घाल. परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "आईचं तेल बॅगेत टाकतो, डॉक्टरांचा कागद आहेच." ते ऐकल्यापासून चैन नाही.

अव्या, काकूंचं ते गांजाचं तेल पुण्याला न्यायचं नाही. एक बाटलीसुद्धा नाही.

तो कागद कॅनडाच्या हद्दीतच चालतो. गांजाचं कुठलंही उत्पादन, अगदी नुसतं सीबीडीचं (गांजातला नशा न आणणारा घटक) तेलसुद्धा, देशाबाहेर नेणं किंवा देशात आणणं हा तिथे गुन्हा आहे. नोंदणीकृत रुग्णालाही सूट नाही, आणि शिक्षा १४ वर्षांपर्यंत होऊ शकते. विमान अमेरिकेतून जाणार असेल तर तिथला संघीय कायदा वेगळा आडवा येईल. इकडे भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. त्यात 'चरस'च्या व्याख्येतच हशीश तेल येतं. १०० ग्रॅमपर्यंत 'अल्प मात्रा' असली तरी आयातीसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वजन मोजताना अर्काबरोबर त्यात मिसळलेलं साधं तेलही धरतात.

कॉलेजच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं तू कधी वाचली नाहीस. त्यावरून आपण किती भांडलोय! या वेळी तरी ऐक.

आता तिथलं. काकूंच्या कागदावर रोजचे २ ग्रॅम लिहिलेत म्हणालास. मग सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायची त्यांची मर्यादा ६० ग्रॅम, १५० नाही. नियम असा की रोजच्या मात्रेची ३० पट आणि १५० ग्रॅम, यांत जे कमी ते धरायचं. सर्वसामान्य प्रौढाला असलेले ३० ग्रॅम त्यावर वेगळे. हे आकडे वाळलेल्या गांजाचे. तेल किती ग्रॅमच्या बरोबरीचं ते लेबलवर छापलेलं असतं, म्हणून मूळ बाटली आणि लेबल फेकू नकोस. परवान्याचा पुरावाही तोच. त्यांच्या औषधातलं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, तुझ्या पाठदुखीलाही नाही!

कागदाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. तुम्ही पुण्यात असताना ती संपली तर परतल्यावर ऑर्डरच जाणार नाही. एक कागद एकाच परवानाधारक विक्रेत्याकडे चालतो आणि माल टपालाने घरी येतो, दुकानात तो कागद दाखवून मिळत नाही. तेव्हा निघण्याआधीच नवा करून घे. पावत्याही जपून ठेव, कर भरताना वैद्यकीय खर्चात दाखवता येतात.

मला खरी काळजी आहे ती तेल बंद झाल्यावरची. काकू वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेतात ना? सीबीडीमुळे वॉर्फरिनचा परिणाम वाढू शकतो. त्यांचा आजचा डोस तेल धरून बसवलेला असेल, तर तेल थांबल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) खाली येऊन रक्ताच्या गुठळीचा धोका वाढेल. म्हणून महिनाभर आधी डॉक्टरांना भेट. तेल हळूहळू कसं कमी करायचं, वेदनेसाठी काय द्यायचं आणि पुण्यात आयएनआर कधी तपासायचा, हे लिहून घे. पुण्यात कुणी 'विजया'ची, म्हणजे भांगेची, आयुर्वेदिक औषधं सुचवेल. ती वैद्यांच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतात, पण वॉर्फरिनचं सांगितल्याशिवाय घेऊ नका.

परतल्यावर लगेच जुन्या मात्रेवर जायचं नाही, सवय मोडलेली असेल. तोंडाने घेतलेल्या टीएचसीचा (गांजातला नशा आणणारा घटक) असर सुरू व्हायला अर्धा तास ते दोन तास लागतात, पूर्ण चढायला चारही लागू शकतात. "काहीच होत नाही" म्हणून तासाभरात दुसरा डोस घेतला की चक्कर, घबराट आणि पडणं. त्यांच्या वयात पडणं परवडणार नाही.

नवी नोकरी कशी आहे? मुक्ताचं बारावीचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार सांग.

डॉक्टरांची वेळ मिळाली की लगेच कळव. आयएनआरचा शेवटचा आकडाही पाठव.

तुझा,
मंदार