हाउसबोट नको, साधी बोट घे

सोलापूर,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात तिघांनी केरळला जायचं ठरतंय आणि हाउसबोट कुठली घ्यावी, असं तू परवा फोनवर विचारलंस. गॅसवर भाजी होती, आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखंही नाही. म्हणून लिहायला बसले.

सिद्धेश्वराची गड्डा जत्रा उरकल्यावर आम्ही भिशीतल्या बायका तिकडं जाऊन आलो, ते तुला माहीतच आहे. सोलापुरात कन्याकुमारी एक्स्प्रेसमध्ये बसलं की मधे गाडी न बदलता थेट कोट्टायमला उतरता येतं. अक्कांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते फार सोयीचं झालं. कोट्टायममध्ये कोडिमता म्हणून धक्का आहे. तिथून केरळ सरकारच्या जलवाहतूक विभागाची बोट अलप्पुळाला, म्हणजे अलेप्पीला, जाते. आपल्या एसटीसारखीच ती, वाटेत थांबे घेत जाते. अडीच तासांच्या आसपास लागतात आणि तिकीट अगदी किरकोळ आहे. तू हीच बोट घ्यावीस, एवढ्यासाठी हे सगळं लिहितेय.

सुरुवातीला अरुंद कालवा लागतो. बोट जवळ आली की वाटेतला छोटा पूल वर उचलतात, मग ती खालून जाते. दोन्ही काठांना घरं आहेत, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायरीशी बांधलेली होडी. बायका कपडे धुता धुता मान वर करून बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. दप्तरं घेतलेली मुलं एका थांब्यावर चढली, दोन थांब्यांनंतर उतरली. आमच्यातल्या पदमशाली काकूंनी त्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली. त्यांच्या तेलुगूतलं मुलांना काही कळलं नाही, पण भाकरी मोडताना झालेला आवाज ऐकून सगळी हसली. एरवी आम्ही बायका एकत्र जमलो की बोलणं थांबत नाही. इथं मात्र कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही, आणि त्याचं कुणाला अवघडही वाटलं नाही.

पुढं कालवा रुंद होत गेला आणि मी जागची उठून उभीच राहिले. भाताची शेतं बोटीच्या खाली होती. खरोखर खाली. आम्ही पाण्यावरून चाललो होतो, शेजारी मातीचा बांध होता, आणि बांधापलीकडं खोलात कोवळं हिरवं भात उभं होतं. या भागाला कुट्टनाड म्हणतात. इथली शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी तर २ मीटरपर्यंत, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पंपा, मीनचिल, मणिमला आणि अचनकोविल या चार नद्यांची नावंही फळ्यावर लिहिली. पण नकाशात उंची कळते, डोळ्यांना ती कळायला बोटीच्या कठड्याशीच उभं राहावं लागतं.

ही जमीन तिथं आधी नव्हती. वेंबनाड तलावात खांबांच्या दोन ओळी ठोकायच्या, मधे माती भरायची आणि ती माती माणसांनी पाण्यात बुड्या मारून तळातून वर काढायची. असा चहूबाजूंनी बांध झाला की आतलं पाणी बाहेर काढायचं. आधी पायांनी चालवायच्या चाकांवर, नंतर वाफेच्या इंजिनांवर आणि आता विजेच्या पंपांवर. चित्रा, मार्तांडम, राणी अशी त्या शेतांना त्रावणकोरच्या राजघराण्यातली नावं आहेत. १९४० च्या दशकात, धान्याची टंचाई होती तेव्हा, त्यातलं बरंचसं काम झालं. बुड्या मारणारे मजूर बहुतेक पुलया या दलित समाजातले होते. नाव राजघराण्याचं, जमीन मालकाची, आणि माती काढणाऱ्याच्या हाती रोजाची मजुरी.

तेव्हा मला तुझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी लहान होते, तिच्यामागं जायचे, तिथं मिळणारी सुकडी खायचे. तिनं फोडलेल्या खडीचा रस्ता आजही वापरात आहे, पण तो तिनं केला असं कुठं लिहिलेलं नाही. आपलं सिद्धेश्वराचं तळंसुद्धा बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी हातांनीच खोदलं. आपल्याकडं वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून आपले लोक पाणी धरून ठेवायला खपले. तिकडं ३००० च्या आसपास पडतो, म्हणून ते पाणी बाहेर ठेवायला खपले. दोन्हीकडं कष्ट मातीच्या पाटीचेच. चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी भरून ठेवणाऱ्या आम्ही बायका, सगळीकडं पाणीच पाणी बघून हरखून जाऊ असं मला निघताना वाटलं होतं. तसं झालं नाही. बांध फुटला तर काय, हाच विचार आधी मनात आला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथं तसंच झालं होतं, घरंच्या घरं पाण्यात गेली होती.

मग वेंबनाडचं मोठं पाणी लागतं. समोरचा काठ पुसट होतो. समुद्र पश्चिमेला जवळच असतो, पण दिसत नाही. उन्हाळ्यात खारं पाणी भातापर्यंत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमला बंधारा घालून दारं बंद करतात. भात वाचतं, पण पाणी कोंडतं आणि जलपर्णी माजते. खारं पाणी आलं की ती मरते, आणि खारं पाणी आलं की भातही मरतं. काठाच्या मासेमाराला दारं उघडी हवीत, शेतकऱ्याला बंद. उजनी धरणाच्या पाण्यावरून आपल्याकडं होणारी भांडणं आठव, म्हणजे दोघांचंही म्हणणं तुला पटेल.

हाउसबोटी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून, एकही खिळा न ठोकता बांधलेल्या जुन्या मालवाहू नावांवरून त्या निघाल्या. रस्ते झाले, भात ट्रकनं जाऊ लागलं, तेव्हा नावाड्यांना हा नवा धंदा मिळाला. पण वातानुकूलित खोलीत पडदे ओढून बसलं की तिथली माणसं दिसत नाहीत, आणि छकुलीनं ती माणसं बघावीत असं मला मनापासून वाटतं. पायरीवरून होडीत उडी मारून शाळेला निघालेली तिच्या वयाची मुलगी तिला दिसू दे. रात्री राहायचंच असेल तर काठावरच्या एखाद्या घरात राहा. तिथलं जेवण साधं, गरम असतं, आणि लाल तांदळाचा भात तुला आवडेल.

आणि मे महिन्यात जाऊ नकोस. भात मार्च-एप्रिलपर्यंत कापून होतं, मग बघायला नुसती ढेकळं उरतात आणि उकाड्यानं पोरगी हैराण होईल. नाताळच्या सुट्टीत जा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीलाच तिकिटं काढ. बोटीत डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, सगळ्यात पुढच्या बाकावर बसा. सूनबाईला सांग, तिच्यासाठी शेंगाचटणी करून ठेवलीय, येत्या रविवारी कुणीतरी पुण्याला येतंय त्याच्याबरोबर पाठवते. डबा परत पाठव, तो अक्कांचा आहे.

तुझी,
आई