गोल न केलेल्या महिन्यांबद्दल

आदरणीय आडाताई हेगरबर्ग यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण नॉर्वेच्या नामवंत फुटबॉलपटू; आपली माझी ओळख नाही. पण ज्यांच्यामुळे मी पुन्हा मैदानात उतरले त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ही रुखरुख मनात ठेवून नवा हंगाम सुरू करणे मला बरे वाटेना. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठापेठांतून माणसे लोटतात. अशा गावात आघाडीला खेळणारी मी एक मुलगी आहे.

दोन वर्षांपूर्वी सरावात वळताना, आसपास प्रतिस्पर्धी कोणी नसताना, माझ्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली, आणि घरी येऊन गेलेल्या बहुतेकांनी प्रेमापोटीच सांगितले की आता खेळ पुरे. त्या दिवसांत मी आपल्याविषयी मिळेल ते वाचत गेले. सुरुवातीला वाचले ते आपले गोलच. 2018 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये महिलांसाठीचा पहिला बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, आपल्याला मिळाला, तेव्हा आपण 23 वर्षांच्या होतात. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला, युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, फ्रान्सच्या ल्यों क्लबकडून बार्सिलोनाविरुद्ध पूर्वार्धातच, अवघ्या सोळा मिनिटांत, आपण तीन गोल केलेत. पुरस्काराच्या रात्री सूत्रसंचालन करणाऱ्याने नाचण्याविषयी जो प्रश्न विचारला, त्याचा मला आजही राग येतो. आपण मात्र एका 'नाही'त तो संपवलात, आणि त्या भाषणात जगभरच्या मुलींना स्वतःवर विश्वास ठेवायला सांगितलेत, एवढेच मी लक्षात ठेवले आहे.

खरे सांगायचे तर, अंथरुणावर पडलेल्या माणसाला दुसऱ्याचे गोल फारसे उपयोगी पडत नाहीत. मला उपयोगी पडले ते त्यानंतरचे महिने. ते आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र आमच्याकडच्या मुलीही वाचतील, म्हणून लिहिते. जानेवारी 2020 मध्ये आपल्या गुडघ्याचा तोच लिगामेंट फाटला. शस्त्रक्रियेनंतर हळूहळू बळ भरून येत असताना, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पायाच्या नडगीच्या हाडाला ताणाने तडा गेल्याचे निष्पन्न झाले आणि परतीची वाट पुन्हा लांबली. आपण मैदानात आलात ते 5 ऑक्टोबर 2021 रोजी, स्वीडनच्या हेकेन संघाविरुद्ध, बदली खेळाडू म्हणून. म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ, जगातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक म्हणून गणली जाणारी आघाडीपटू एकही सामना न खेळता राहिली. माझ्या मांडीचा स्नायू दुसऱ्या पायापेक्षा इतका बारीक झाला होता की आरशात बघवत नसे. पाय सरळ करून काही सेकंद उचलून धरणे, एवढाच त्या दिवसाचा व्यायाम असे. असे कंटाळवाणे, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे दिवस आपणही मोजले असतील, या विचाराने मी ते मोजू शकले. 21 मे 2022 रोजी तुरीनच्या अंतिम सामन्यात त्याच बार्सिलोनाविरुद्ध आपण हेडरने गोल केलात आणि ल्यों 3–1 ने जिंकले. तो सामना मी ध्वनिचित्रफितीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीला अर्धा तास आधीच जाऊन बसले.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. 2017 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत नॉर्वेने तिन्ही सामने गमावले, एकही गोल न करता. त्यानंतर आपण राष्ट्रीय संघ सोडलात, कारण मुलींच्या फुटबॉलला मिळणारी वागणूक आपल्याला मान्य नव्हती. त्यापायी 2019 चा विश्वचषकही आपण सोडून दिलात. त्या निर्णयावर नॉर्वेतही मतभेद होते, हे मी वाचले आहे. पण मुलींसाठी मैदान मागायला गेल्यावर 'नंतर बघू' हे उत्तर ऐकलेल्या मला आपली बाजू समजावून घ्यायला फार विचार करावा लागला नाही. आणि एप्रिल 2022 मध्ये परतलात तेव्हा कोसोव्होविरुद्ध तीन गोल करून परतलात.

2025 च्या युरोमध्ये आपण कर्णधार होतात. जिनिव्हात इटलीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपली पेनल्टी बाहेर गेली, आणि काही मिनिटांतच आपणच बरोबरीचा गोल केलात. शेवटी नॉर्वे 2–1 ने हरली. चुकलेल्या पेनल्टीनंतर पुढच्याच चेंडूसाठी पुन्हा गोलक्षेत्रात शिरणाऱ्या आपण, हे दृश्य मी आमच्या संघातल्या मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते.

गेल्या महिन्यात मी पहिला सामना खेळले. शेवटची पंधरा मिनिटे. एक संधी मिळाली, चेंडू खांबाला लागून गेला, आणि मी त्याच्या मागे धावले. गुडघ्याची आठवण मला सामना संपल्यावर झाली. त्या पंधरा मिनिटांसाठी, आडाताई, मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
कोल्हापूरची एक आघाडीपटू