आमच्या वकीलताईंस, सप्रेम जय भीम

वरचा मायना माझा नाही, दादाचा आहे. दोन दिवस आमचं घोडं त्यावरच अडलं होतं. मी म्हणत होते 'आदरणीय मॅडम' लिहू. आई म्हणाली, "मॅडम काय, ती काय बँकेत आहे?" दादा नेहमीसारखा गप्प. मग जेवताना म्हणाला, "ताई लिही. आणि नमस्कार नको, जय भीम लिही. त्यांनी मला दुसऱ्या पत्रात तसंच लिहिलं होतं."

फोन केला असता तर तुम्ही "अहो, कामच आहे ते माझं" म्हणून दोन मिनिटांत ठेवला असता. निकालाच्या दिवशी तेच केलंत. आई पाया पडायला वाकली, तुम्ही तिला खांद्याला धरून उभी केलीत, घड्याळ बघितलंत आणि "दुसऱ्या कोर्टात मॅटर आहे माझं" म्हणत जिन्याने पळालात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता पळून दाखवा.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. दादाचंही लिहीत नाही. त्याचं नाव गूगलवर टाकलं की अजून ती जुनी बातमीच वर येते, 'नराधमास जन्मठेप'वाली. सुटल्याची बातमी त्या पेपरात शोधली. तळाच्या कोपऱ्यातसुद्धा नव्हती. बहुतेक नराधम सुटला की बातमी होत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही विटाव्याचे. पावसात रेल्वे पुलाखाली पाणी भरून ठाणे-बेलापूर रस्ता तुंबतो ना, तेच विटावा. दादा रबाळे एमआयडीसीत हेल्पर होता. त्याच्या ओळखीच्या एका माणसाचा खून झाला, प्रेत खाडीच्या बाजूला सापडलं. त्या माणसाला दादाने आठ हजार उसने दिले होते आणि आदल्या रात्री नऊच्या सुमारास दोघांना टपरीवर चहा पिताना लोकांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दादाला उचललं. कलम ३०२. मी तेव्हा बारावीत होते. चार वर्षांनी खालच्या कोर्टात जन्मठेप लागली. हायकोर्टाने निर्दोष सोडलं तेव्हा आत जाऊन अकरा वर्षं व्हायला दोन महिने कमी होते. खटला याहून जास्त सांगायला बसले तर मला रडू येईल आणि तुम्हाला कंटाळा.

आमचे पहिले वकील मात्र सांगायलाच हवेत. त्यांचंही नाव घेत नाही, उगाच जाहिरात कशाला. फी म्हणून आईच्या कानातलं गेलं, मग गावची जमीन गेली. प्रत्येक तारखेला ते आम्हाला कॉरिडॉरमध्ये "टेन्शन घेऊ नका" म्हणायचे आणि चहाचे पैसे आम्ही द्यायचो. ज्या दिवशी खुनाचं हत्यार म्हणून दाखवलेल्या कोयत्याच्या जप्तीच्या पंचाची साक्ष होती, त्या दिवशी ते उठले, "नो क्रॉस" म्हणाले आणि बसले. मला वाटलं, नो क्रॉस म्हणजे आपल्या विरोधात काही नाही. आनंदाने घरी येऊन आईला सांगितलं. त्या साक्षीदाराला आपल्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही, असा त्याचा अर्थ होतो हे मला तुमच्याकडून कळलं. पाच वर्षांनी.

नातेवाइकांचं काय सांगू. मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'खाली आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याचंसुद्धा नाव होतं, दादाचं गाळलं होतं. आई ती पत्रिका घेऊन मामाकडे गेली नाही, रडली नाही, काही बोलली नाही. पत्रिकेवर बोट फिरवत एकदा सगळी नावं वाचून काढली, बस.

नाशिकरोडच्या तुरुंगात हलवल्यावर दादा म्हणजे एक नंबर झाला. खोपटवरून पहाटेची एसटी, तिकडे रांग, काचेच्या पलीकडे दादा, हातात फोन, अर्धा वेळ "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच जायचा. अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो असं कळलं तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. पैसे मोजून जो मिळाला त्याने हे केलं, फुकटातला काय दिवे लावणार? त्यात तुमच्या आधीचे दोघे आम्हाला कधी दिसलेच नाहीत. पुढे तुम्ही एकदा मला रागावून सांगितलं होतंत, "फुकट म्हणू नका, हक्क आहे तो. १९८७ चा कायदा आहे, कोठडीतल्या माणसाचं उत्पन्नसुद्धा विचारत नाहीत." माफ करा. तेव्हा माहीत नव्हतं.

आणि मग ते पत्र आलं.

ताई, तुम्ही हायकोर्टात काय काय बोललात ते मला निम्मंही कळलं नाही. पण त्या पत्राबद्दल मी तासभर बोलू शकते. दादाने इतक्यांदा सांगितलंय की मीच ते बराकीत बसून वाचलं असं वाटतं. पत्र नेहमीप्रमाणे फोडलेलं, वर कारागृहाचा शिक्का. पाकिटावर त्याच्या नावाच्या आधी 'श्री.' होतं. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. खरंच परत द्यायला निघाला होता. अर्जात, वॉरंटवर, रजिस्टरमध्ये, आमच्या त्या वकिलांच्या तोंडीसुद्धा, इतकी वर्षं तो 'सदर आरोपी' होता, शिक्षेनंतर 'बंदी क्रमांक' अमुक. आमच्यातल्या माणसाला तसंही श्री. लावायची पद्धत लोकांना जरा उशिरानेच लागते. तुम्ही लावलंत, स्वच्छ, नावाला टेकून.

आत रेघांच्या कागदाची चार पानं, निळ्या शाईत. अक्षर, रागावू नका, डॉक्टरांसारखं आहे. पहिल्या ओळी दादाला पाठ आहेत: 'सप्रेम नमस्कार. मी तुमची वकील आहे. तुमच्या खटल्याचे सगळे कागद मी वाचले आहेत. मला तुम्हाला काही विचारायचे आहे.'

विचारायचे आहे! पोलिसांनी विचारलं होतं, पण ते विचारणं वेगळं.

त्याला जन्मठेप देणारा निकाल साठ-सत्तर पानांचा, इंग्रजीत. दादा दहावी झालेला. पाच वर्षं तो निकाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवायचा आणि त्यातलं त्याला स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं. आपल्याला नेमकं कशासाठी दोषी धरलंय हे त्याला तुमच्या चार पानांतून कळलं, मराठीत, १, २, ३ करून. त्यात तुम्ही लिहिलं होतं की, 'दोषी असू शकतो' आणि 'दोषी असलाच पाहिजे' यांच्यातलं अंतर मोठं असतं, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ साली सांगून ठेवलंय, तेही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. आणि नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळी कशी पूर्ण हवी याच्या पाच कसोट्या १९८४ च्या निकालात आहेत, वकील त्यांना पंचशील म्हणतात. दादाने मुलाकातीत हे सांगितलं तेव्हा आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कोर्टालापण पंचशील आहे? मग पाळत का नाहीत मेले?" त्या काचेच्या दोन्ही बाजूंना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पानांच्या आत दुमडून ठेवली होती. एक कोरं पाकीट. तुमचा पत्ता तुमच्याच अक्षरात, आणि पाच रुपयांचं तिकीट चिकटवलेलं. उत्तरासाठी.

तुमच्या लक्षात तरी आहे का हे? बहुतेक नसेल. आत असलेल्या माणसाकडे पाकीट नसेल, तिकीट नसेल, मागायची लाज वाटेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? दादा म्हणतो, त्याला वकील मिळाल्याचा आनंद नंतर झाला. आधी वाटलं की बाहेर कुणीतरी आपल्या उत्तराची वाट बघतंय.

त्याने उत्तर पाठवलं, पण ते पाकीट वापरलं नाही. दुसऱ्या कैद्याकडून पाकीट उसनं घेतलं. "ते वापरलं असतं तर गेलं असतं ना," म्हणाला.

त्याच्या उत्तरात त्याने सहज लिहिलं होतं की कोयता मी दाखवला म्हणतात, पण मला तिकडे जेवणानंतर नेलं. तुम्ही त्या एका वाक्यावरून परत कागद काढलेत. त्याने कोयत्याची जागा 'सांगितल्या'चा पंचनामा दुपारी सव्वा वाजताचा. आणि कोयता 'जप्त केल्या'चा पंचनामा सकाळी ११:४० चा. म्हणजे दादाने सांगायच्या दीड तास आधीच कोयता सापडला होता! दोन्ही कागद निशाणी पडलेले, म्हणजे कोर्टाने पुरावा म्हणून नंबर दिलेले, एकाच फायलीत, एकामागोमाग एक. तपास करणाऱ्या साहेबांच्या सह्या दोन्हींवर. सरकारी वकिलांनी वाचले, आमच्या त्या कानातलं खाल्लेल्या वकिलांनी वाचले म्हणे. तुम्ही नवीन साक्षीदार आणला नाहीत, टेबलावर हात आपटला नाहीत. शांतपणे दोन वेळा वाचून दाखवल्यात आणि थांबलात. कोर्टात कुणीतरी पान उलटल्याचा आवाज आला तेवढाच.

त्या दिवशी आईला धीर यावा म्हणून तुम्ही हायकोर्टाच्या दगडी खांबांवरची नक्षी दाखवलीत: हातात तराजू धरलेलं, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड, आणि वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या घातलेला कोल्हा. आई कोल्ह्याकडे बघून म्हणाली, "ह्याला ओळखते मी." तुम्ही इतक्या हसलात की शिपाई बघायला आला. मग तिने विचारलं, बाबासाहेब इथेच वकिली करायचे ना? तुम्ही म्हणालात हो, १९२३ पासून. तिने चप्पल काढून ठेवली आणि निकाल होईपर्यंत अनवाणीच राहिली.

चांगली माणसं तशी वाटेत भेटत गेली, हे कबूल करायला हवं. आईला रोज स्टूल आणून देणारा एक कोर्टाचा शिपाई होता, तो आम्हाला कधी "केस कसली" विचारायचा नाही. पहाटेच्या एसटीतला एक कंडक्टर आईला पुढची सीट धरून ठेवायचा. मी ज्या पॅकिंगच्या कामावर जाते तिथल्या बायका तारखेच्या दिवशी माझं टार्गेट आपसात वाटून घ्यायच्या आणि सुपरवायझरला पत्ता लागू द्यायच्या नाहीत. यातल्या कुणालाही दादा निर्दोष आहे हे माहीत नव्हतं. माहीत नसताना नीट वागले. मामाला तर दादा लहानपणापासून माहीत होता.

लोक आता विचारतात, भरपाई मिळणार का. २००९ साली सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या सहा जणांना फाशी ठोठावली होती आणि २०१९ साली त्याच कोर्टाने त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले, हे तुम्हीच सांगितलं होतं. विधी आयोगाने २०१८ मध्येच अशा लोकांसाठी कायदा करा म्हणून अहवाल दिलाय, कायदा काही झालेला नाही, हेही. तुम्ही अर्ज करू म्हणालात, करू. दादा त्यावर काही बोलत नाही. त्याला सध्या वेगळेच प्रश्न आहेत. कळव्याला खाडीवर नवा पूल कधी झाला? दिघा गाव स्टेशन कुठून आलं? चहावाल्याला पैसे मोबाइलने कसे देतात? पहाटे तुरुंगातल्या गिनतीच्या, म्हणजे कैदी मोजायच्या, वेळेला उठून अंथरुणाची घडी करून बसतो. आई मग त्याच्याबरोबर उठते आणि दोघं काही न बोलता चहा पितात.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आली. यात दादाचं नाव आहे, मामाच्या नावाच्या वर. आईने पुन्हा बोट फिरवत सगळी वाचली. लग्नाला जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

आता शेवटचं. हे पत्र मी सगळ्यांसाठी टाईप करतेय, पण तुमच्यासाठी हाताने लिहून पोस्टानेही पाठवतोय, त्या पाकिटातून. दादाने ते निकालाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, कडा पिवळ्या पडल्यात, तिकीट शाबूत आहे. काल तो स्वतः कळव्याच्या पोस्टात जाऊन आला. काउंटरवरच्या बाईंनी पानं काट्यावर ठेवली. वीस ग्रॅमच्या वर भरली, आणखी पाच रुपयांचं तिकीट लागेल म्हणाल्या. त्याने घेतलं. तुमच्या तिकिटाशेजारी अगदी सरळ रेषेत चिकटवता यावं म्हणून आत्ता पट्टी शोधतोय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या अशिलाची धाकटी बहीण
विटावा