गड्ड्याला जाताना फिल्टर दोनच न्या, पण न्याच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत तोंडावर आली आहे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, यंदाही घरातला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून, ब्लॅक अँड व्हाइट रोल भरून फिरणारी तरुण मंडळी दिसतील. त्यांच्यासाठी हे पत्र आहे. आपण छापलंत तर दोन-चार जणांचे तरी रोल वाया जायचे वाचतील.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या फिल्मवरच्या फोटोंत एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. खाली पांढऱ्या बाराबंद्या (अंगरखे) घातलेल्यांची गर्दी, वर पांढरं फटक आकाश, आणि मधला उंच नंदीध्वज दोन्हींत कुठंतरी विरघळून गेलेला. दोष लॅबच्या माथी मारला जातो, नाहीतर फिल्म जुनी होती म्हणून. बहुतेक वेळा दोघांचाही काही संबंध नसतो. लेन्सपुढं फिल्टर, म्हणजे रंगीत काच, नव्हता, एवढंच कारण.

आपल्या डोळ्याला निळं आकाश पांढऱ्या कापडापेक्षा स्पष्ट गडद दिसतं. फिल्मला तसं दिसत नाही. एफपी ४, एचपी ५, ट्राय-एक्स या सगळ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म. त्यांना सर्व रंग कळतात, पण निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश त्या आपल्या डोळ्यापेक्षा जास्त ओढून घेतात. त्यामुळं निगेटिव्हवर आकाश आणि बाराबंदी दोन्ही जवळपास सारखीच काळी, म्हणजे प्रिंटवर पांढरी, उमटतात. एकदा तशी उमटली की खेळ संपला. ‘स्कॅन केल्यावर आकाश गडद करू’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की रंग निगेटिव्हमध्ये राहतच नाही. दोन गोष्टींची राखाडी छटा एकच असेल, तर एक गडद करताना दुसरीही गडद होणारच. रंगीत डिजिटल फोटोचं ब्लॅक अँड व्हाइट करताना निळा रंग वेगळा धरता येतो. फिल्मवर तो निर्णय शटर दाबण्याआधीच घ्यावा लागतो. फिल्टर त्यासाठीच असतो.

नियम सोपा आहे: फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद. पिवळा, नारिंगी, लाल अशा क्रमानं निळा जास्त जास्त अडत जातो, आकाश काळवंडत जातं. खात्री करायची तर घरातली सोलापुरी चादर पुरे. हिरव्या जमिनीवर लाल नक्षी असलेली चादर उन्हात दोरीवर टाका आणि तीन फोटो घ्या: एक विनाफिल्टर, एक लाल २५ लावून, एक हिरवा ५८ लावून. पहिल्यात नक्षी आणि जमीन अशा सारख्या राखाडी येतात की विणकराची सगळी मेहनत दिसेनाशी होते. दुसऱ्यात नक्षी जवळजवळ पांढरी आणि जमीन काळी. तिसऱ्यात नेमकं उलट. चादर तीच, ऊन तेच. हे तीन प्रिंट शेजारी ठेवले की फिल्टरबद्दल आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

आता कोणता घ्यावा. दुकानात किंवा ऑनलाइन सहा-सहा फिल्टरचे संच दिसतात. ते घेऊ नका. सोलापुरासाठी आमची शिफारस दोनाची आहे: नारिंगी २१ आणि पिवळसर-हिरवा ११. हे आकडे म्हणजे फिल्टरचा रंग सांगणारे रॅटन क्रमांक. रॅटन अँड वेनराइट ही इंग्लंडमधली कंपनी कोडॅकनं १९१२ साली विकत घेतली, आणि हे क्रमांक आजही चालतात. मात्र फिल्टरच्या कड्यावर हाच आकडा असेल असं नाही. पिवळा ८ हाच के २, पिवळसर-हिरवा ११ हाच एक्स १. बी+डब्ल्यू कंपनीचा नारिंगी ०४० आणि लाल ०९०. निकॉनच्या जुन्या फिल्टरवर वाय ४८, ओ ५६, आर ६० असं असतं. त्यातल्या आकड्यापुढं एक शून्य लावलं की तो फिल्टर साधारण किती नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवतो ते कळतं.

पुस्तकांत पहिला फिल्टर म्हणून पिवळा ८ सुचवलेला असतो. तो वाईट नाही, पण आपल्याकडच्या धुळकट आकाशावर त्याचा परिणाम फार जेमतेम पडतो. नारिंगीनं आकाश खाली बसतं, बाराबंदी उठून दिसते, भगवी पताका उजळते, माळावरचं वाळलं गवत आणि काढणीला आलेली ज्वारीही उजळते. लाल २५ मात्र यात्रेला घरीच ठेवावा. त्याची तीन कारणं. तीन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). सावल्या काळ्याकुट्ट करतो, कारण सावलीत जो प्रकाश पोहोचतो तो बराचसा निळ्या आकाशाचाच असतो आणि लाल काच नेमका तोच अडवते. भुईकोट किल्ल्याच्या तटाखालची सावली लाल फिल्टरनं घेतली तर तिथं दगड आहे की भोक, कळत नाही. आणि तिसरं, आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचं: लाल फिल्टर कपाळावरचं कुंकू पुसून टाकतो. कुंकू लाल, काच लाल. प्रिंटवर कपाळ कोरं. ओठही फिके पडतात. यात्रेला आलेल्या माउलीचा फोटो तिचं कुंकू पुसून काढू नये.

माणसांसाठी दुसरा फिल्टर, पिवळसर-हिरवा. त्यानं कुंकू गडद आणि ठसठशीत राहतं, सावळ्या चेहऱ्याचा पोत येतो, झाडांची पानं मोकळी होतात आणि आकाशही थोडं उतरतं. मुरूम, डागही जास्त दिसतात, हे खरं. हळद किंवा भंडारा उधळलेला असेल तर दोन्ही फिल्टरखाली तो उजळच येतो.

फिल्टर लावला म्हणजे प्रत्येक आकाश गडद होईल, असं नाही. ढगाळ किंवा धुरकट पांढऱ्या आकाशात सगळेच रंग असतात, फिल्टर सगळ्यांवर सारखा चालतो आणि फोटोत फरक पडत नाही. एप्रिल-मेमध्ये म्हणूनच निराशा होते. पावसाळा सरल्यावर आणि थंडीत, स्वच्छ दिवशी, काम फत्ते. तेव्हाही क्षितिजालगतची पट्टी फिकीच असते, वरचं आकाश निळं. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. त्यामुळं त्याच्याकडं पाठ करून उत्तरेकडं, थोडं खालून वर असा कॅमेरा धरला तर नंदीध्वजामागं सर्वांत निळं आकाश मिळतं. सूर्याच्या बाजूचं आकाश कोणत्याच फिल्टरला जुमानत नाही.

आता एक्स्पोजर. सर्वांत जास्त चुका इथंच होतात. फिल्टर प्रकाश अडवतो, तेवढा भरून द्यावा लागतो. प्रकाश किती पट द्यायचा तो आकडा म्हणजे फॅक्टर: २ म्हणजे एक स्टॉप, ४ म्हणजे दोन, ८ म्हणजे तीन. पिवळ्या ८ चा फॅक्टर २, पिवळसर-हिरव्या ११ चा ४, नारिंगीचा साधारण ४, लाल २५ चा ८. नेमका आकडा बऱ्याचदा कड्यावर किंवा डबीवर छापलेला असतो. तो प्रमाण माना. ४०० स्पीडच्या फिल्मला (स्पीड जास्त तितका प्रकाश कमी लागतो) कडक उन्हात शटर १/५०० सेकंद आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ लागतं. नारिंगी लावल्यावर १/५०० आणि एफ ८. मिरवणूक चालती असते, म्हणून शटर मंद करण्यापेक्षा ॲपर्चर उघडणं बरं. १०० किंवा १२५ च्या फिल्मवर मात्र हाच फिल्टर गर्दीत अडचणीत आणतो. म्हणून यात्रेला ४०० ची फिल्म.

ज्या कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर लेन्समधून बघतो, त्यात वेगळी भर घालायची नसते, असं म्हणतात. पिवळ्यापुरतं ते ठीक आहे. गडद फिल्टरमागं मात्र मीटर फसतो, कारण मीटरच्या सेलला लाल प्रकाश जितका दिसतो तितका फिल्मला दिसत नाही. मीटर म्हणतो पुरे, फिल्म उपाशी राहते. तपासायची रीत अशी: उन्हातली राखाडी भिंत फ्रेमभर धरा, विनाफिल्टर रीडिंग घ्या, मग फिल्टर लावून घ्या. लाल २५ नं तीन स्टॉपचा फरक पडायला हवा. काटा दोनच स्टॉप हलला, तर निगेटिव्ह एक स्टॉप पातळ येणार. अशा कॅमेऱ्यात फिल्टर काढून मोजावं आणि फॅक्टर हातानं द्यावा.

रेंजफाइंडरवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्यात लेन्समधून नव्हे तर वेगळ्या खिडकीतून बघतात त्यांनी, आपल्या मीटरचा डोळा कुठं आहे ते आधी बघावं. यशिका इलेक्ट्रो ३५ चा डोळा कॅमेऱ्याच्या अंगावर आहे, त्याला फिल्टर दिसतच नाही. नारिंगीसाठी ४०० ची फिल्म असताना फिल्म स्पीडची डायल १०० वर ठेवावी. कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ चा डोळा फिल्टरच्या कड्याच्या आत आहे, तिथं डायल हलवली तर दुप्पट भरपाई होईल. फिल्टर काढल्यावर डायल पूर्ववत करायला माणूस हमखास विसरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ‘नारिंगी, १००’ असं पेनानं लिहावं. रेंजफाइंडरच्या खिडकीतून फिल्टरचा रंग दिसत नाही, त्यामुळं आठवण करून देणारं दुसरं काही नसतं.

माप घेताना लेन्सच्या समोरच्या कड्यावरचा Ø हे चिन्ह असलेला मिमीमधला आकडा बघा. पेंटॅक्स के १००० ची ५० मिमी लेन्स ४९ ची, निकॉनच्या बहुतेक जुन्या ५० मिमी लेन्स ५२ च्या, यशिका इलेक्ट्रो ५५ ची. यशिका मॅटला आटे नसतात, तिला बे १ चा, म्हणजे खाचेत अडकवून बसणारा, फिल्टर लागतो. दोन-तीन लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या मापाचे फिल्टर घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) लावा. उलटं करू नका. लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर बसवला की फोटोचे कोपरे काळे होतात. दोन फिल्टर एकावर एक चढवले की वाइड लेन्सवर तेच होतं. नारिंगीवर पिवळा चढवून तर काहीच मिळत नाही, नारिंगी ते काम आधीच करून बसलेला असतो.

जुना फिल्टर घेताना तो पांढऱ्या कागदावर ठेवून रंग सगळीकडं सारखा आहे का बघा. मग तिरपा धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ वाकडी दिसली तर काच सपाट नाही. काही फिल्टरमध्ये दोन काचांच्या मधे रंगाचा थर चिकटवलेला असतो. त्यांच्या कडेला इंद्रधनुषी किंवा पांढुरका डाग दिसला तर तो थर सुटू लागला आहे, घेऊ नका. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या अशा फिल्टरचा थर सुटायला वेळ लागत नाही.

नेताना प्रत्येक फिल्टर आपल्या डबीत, किंवा दोन्ही एकमेकांत फिरवून दोन्ही टोकांना धातूची झाकणं लावून. पँटच्या खिशात नको. धूळ, विभूती, गुलाल काचेवर बसला तर आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश, सर्वांत शेवटी कापड. बाराबंदीच्या टोकानं पुसलं की बारीक कण काचेवर रेघा ओढतात.

फिल्टर लेन्सवर अडकला तर चिमटीत धरून जोर लावू नका. दोन बोटांच्या दाबानं कडं लंबगोल होतं आणि आटे आणखीच घट्ट धरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कड्याभोवती गुंडाळा आणि सगळीकडून सारखा, हलका हात ठेवून फिरवा, सुटतो. मुळात टेकला की थांबायचं, पिळायचं नाही. पितळी कडी ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकतात.

सूर्य मावळतीला आला की प्रकाशच तांबूस होतो, नारिंगीचा परिणाम उतरतो. मग तो काढून डबीत टाका. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूला कोणताही फिल्टर नको.

शेवटी शहरातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विनंती. तुमच्या ड्रॉवरमध्ये ४९, ५२, ५५ मापाचे पिवळे, नारिंगी, हिरवे फिल्टर पडून असतील. त्यांच्या कडा वर सांगितल्याप्रमाणं तपासा, चांगले निघतील ते यात्रेच्या आधी दर्शनी काउंटरवर मांडा. फिल्म वापरणारी मुलं तुमच्याकडं रोल धुवायला येतात तेव्हा त्यांच्या लेन्सचं माप बघून एखादा हातात द्या.

आपले,
ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरणारे काही छायाचित्रकार, सोलापूर